मीटर गप्प होता

१

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला तेव्हा मी विभागाला कुलूप लावून निघाले होते. पेणच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बोलत होते.

"म्हात्रे मॅडम, तुमचा एक पेशंट माझ्याकडे आलाय. शवागारात. खिशात तुमची चिठ्ठी आहे, आज किरणोत्सारी औषध टोचल्याची. उद्या पोस्टमार्टेमला हात लावायचा की नाही, ते तुम्ही येऊन सांगा."

"नाव काय?"

"गुणाजी धर्मा मोकल. गाव कासू. निवृत्त हवालदार."

माझ्या हातातली किल्ली तशीच राहिली. ह्या माणसाला दुपारी सव्वा वाजता मी स्वतः हाताला धरून टेबलावरून उतरवलं होतं.

मी निशिगंधा म्हात्रे. पेण-रोहा रस्त्यावर माजी सैनिकांसाठी एका ट्रस्टचं रुग्णालय आहे. तिथे मी बोन स्कॅन करते. काम सांगायला सोपं आहे. सकाळी पेशंटच्या शिरेत औषध टोचायचं. तीन तासांत ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथून किरणं सोडत राहतं. मग पेशंटला कॅमेऱ्याखाली झोपवायचं. हाड जिथे आजारी, तिथे पडद्यावर काळा डाग. स्कॅन झाल्यावर माणूस घरी जातो, पण त्याच्या अंगातून किरणं येतच असतात. म्हणून चिठ्ठी द्यायची: आजचा दिवस लहान मुलांना मांडीवर घेऊ नका.

मी मीटर घेतला आणि निघाले. जेवणाच्या डब्याएवढा हा मीटर, किरणं असली की टकटक करतो. काही नसलं तरी मधूनच एखादी टक देतो, कारण थोडी किरणं जमिनीत, भिंतीत सगळीकडे असतातच.

शवागारात डॉक्टरांच्या शेजारी उपनिरीक्षक प्रणित शेडगे उभे होते. टेबलावर साठीतला उंच माणूस. केसांत, कानांत, नाकपुड्यांत खाडीचा काळा चिखल. डोक्याच्या मागे जखम. डावी मांडी सुजलेली.

मी मीटर छातीवर धरला. मग कमरेवर, गुडघ्यांवर.

टक. बराच वेळ काही नाही. टक.

मीटर बिघडला असेल म्हणून पिशवीतल्या बटणाएवढ्या तपासणीच्या चकतीशी नेला, तिच्यात थोडी किरणं असतात. तो लगेच तडतडला. पुन्हा छातीवर आणला. गप्प.

"काय झालं?" शेडगेंनी विचारलं.

"साहेब, ह्या माणसाला मी टोचलेलं नाही."

२

शेडगे काही मूर्ख नव्हते. "पाण्यात पडला होता," ते म्हणाले. "धुतलं गेलं असेल."

"हाडातलं धुतलं जात नाही. दर सहा तासांनी निम्मं होतं, एवढंच. साडेनऊला टोचलं असतं तर आत्ता हा मीटर दारातच ओरडला असता."

त्यांनी स्टूल ओढलं आणि हकीकत सांगितली. कासूच्या खाडीकडच्या बांधावर जुनी उघाडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधलेलं दगडी दार. चार वाजता त्या उघाडीखाली चिखलात गुणाजी दिसला. ओरडून लोक गोळा केले ते त्याच्या धाकट्या भावानं, नाथानं. नाथा मिठागरावर कामाला, एकटाच राहतो. रविवारी दोघा भावांचं अंगणात मोठं भांडण झालेलं, सगळ्या आळीनं ऐकलं. दिवसभर कुठे होतास, तर नाथा तोंड उघडत नाही. म्हणून त्याला ठाण्यात आणून बसवलेलं.

"तुमच्या चिठ्ठीवर सव्वा वाजता सुट्टी दिल्याची वेळ आहे," शेडगे म्हणाले. "कासूला पोचायला तास. म्हणजे सव्वादोन ते चारच्या मध्ये काम झालं. त्या वेळी बायको शेजारी पाच बायकांबरोबर पापड लाटत होती. मुलगा जितेश रोह्याच्या कंपनीत. पावणेदोनची कंपनीची बस त्यानं धरली, पावणेतीनला कार्ड पंच केलं. मी त्याला कंपनीत फोन करून बाप गेल्याचं सांगितलं, तर म्हणाला, असं कसं, आठ वाजता मी स्वतः बाबांना पेणच्या मिनीडोर रिक्षात बसवलं. मग उरतो कोण? नाथा."

"चिठ्ठी दाखवाल?"

त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतली चिठ्ठी उजेडात धरली. जरा दमट झाली होती, बाकी स्वच्छ. आमच्या शिक्क्याची निळी शाई जराही फुटली नव्हती. मी मेलेल्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. खिशाच्या तळाशी बोटभर गाळ साचलेला.

"साहेब, हा खिसा बुडाला तेव्हा चिठ्ठी त्यात नव्हती. नंतर कोणीतरी ठेवली."

शेडगे चिठ्ठीकडे बघत राहिले. आणि मला सकाळ आठवायला लागली. नको नको म्हणत असताना आठवायला लागली.

'गुणाजी मोकल' म्हणून मी तीनदा हाक मारली होती. तिसऱ्या हाकेला तोंडाला मास्क लावलेला माणूस बाकावरून उठला. टेबलावर झोपला तेव्हा त्याचे तळवे दिसले होते, चिरा पडलेले, चिरांत पांढरं मीठ. ओळख पटवायचे तीन प्रश्न मी विचारले. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. सैन्यातला नंबर सांगताना तो आपल्या हाताकडे बघत होता. मला वाटलं, सुईला घाबरतोय. शीर शोधताना मनगटाच्या वर बॉलपेननं लिहिलेले आकडे दिसले, ते मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून टाकले. माजी सैनिकाच्या कार्डावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा. तोच लांब जबडा, तेच जाड भुवयांचं कपाळ. मी मास्क खाली करायला सांगितलं नाही. बाहेर अकरा माणसं बसली होती.

"मॅडम," शेडगेंनी हळू आवाजात विचारलं, "मग तुम्ही टोचलं कोणाला?"

३

बुधवारी सकाळी साडेसातलाच मी विभाग उघडला आणि रेकॉर्डमधून गुणाजीची जुनी फाईल काढायला लावली. सतरा वर्षांपूर्वी सीमेवर जीप उलटून त्याची डावी मांडी मोडली होती. आत कमरेपासून गुडघ्यापर्यंत स्टीलची सळी.

मी कालचा स्कॅन पडद्यावर आणला. दोन्ही मांड्यांची हाडं सलग, सारखी. सळी नाही, जुनं मोडलेलं नाही.

पण डाग होते. कण्यात पाच ठिकाणी. डाव्या बरगड्यांत. कमरेच्या हाडात तळहाताएवढा, उजव्या खांद्याशी एक बारीक. असे डाग बघायला आम्ही शिकलेलो असतो आणि बघून काही न बोलायलाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी कालच लिहून ठेवलं होतं: कर्करोग हाडांत पसरलेला. वर नाव गुणाजी मोकल.

मेलेल्या माणसाच्या नावावर एका जिवंत माणसाचा आजार लिहिलेला होता आणि त्या जिवंत माणसाला ते ठाऊक नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं, माझी चूक धरून. त्यांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी पेशंट शोध. तुझं आपण नंतर बघू."

दहा वाजता मी मीटर पिशवीत घालून पोलीस ठाण्यात गेले. चोवीस तास झाले होते. टोचल्यातला फारच थोडा अंश उरला असणार, पण मीटरला तेवढाही पुरतो. शेडगेंनी मला आतल्या बोळात नेलं. कोठडीत कोपऱ्यात एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तोंड भिंतीकडे.

दारापाशी मीटर शांत. चार पावलांवर टक टक. आणखी दोन पावलं, आणि टकटकीतलं अंतर मिटत गेलं. मी गजांना हात लावला तेव्हा तो एकसारखा तडतडत होता.

त्या माणसानं मान वळवली. मला ओळखून तो उठायला गेला आणि कंबर धरून पुन्हा खाली बसला.

"बाय," नाथा म्हणाला, "तू हितं कशाला आलीस गो?"

४

शेडगेंनी कुलूप काढलं. मी आत जाऊन त्याच्यासमोर फरशीवर बसले.

"काका, काल माझ्या टेबलावर तुम्ही होता."

"व्हय." लपवण्यात त्याला आता रस नव्हता. "चार महिनं पाठ दुखते. मिठाची पाटी उचलवत नाय. पेनच्या डाक्टरनी सांगितला, हाडांचा फोटू काढ, मुंबईला जा. मना कोन मुंबईला नेनार? दादाच्या कार्डावर हितं फुकट व्हतंय."

"कार्ड कोणी दिलं?"

"मीच चोरला."

"आणि नंतर?"

"तीनच्या सुमाराला आलो. मिठागराची वाट उघाडीवरनं. बांधावरनं बघतो तर दादा चिखलात. हात लावला, थंड. बराच वेळ त्याच्याजवल बसलो. कार्ड न् तुझा कागद माझ्यापाशी व्हता. त्याचा व्हता, त्याच्या खिशात ठेवला. मग वराडलो."

शेडगे दाराला टेकून ऐकत होते. पोस्टमार्टेमचा अहवाल त्यांना सकाळीच फोनवर मिळाला होता. त्यांनी तो सांगितला. डोक्याची जखम पडल्याची, जीवघेणी नव्हे. डाव्या मांडीचं हाड सळीपाशी पुन्हा मोडलेलं. छातीत खाडीचं पाणी आणि गाळ. गुणाजी बुडून मेला होता.

"काल चौदस होती," मी म्हणाले. मी खाडीकाठच्या गडब गावची, भरतीचं पाणी मला शिकवावं लागत नाही. "भरती साडेअकराला पूर्ण. उघाडीखाली साडेनऊ-दहालाच पाणी चढायला लागतं. दुपारी दोननंतर तिथे बुडायला पाणीच नव्हतं, साहेब. तो सकाळीच गेला."

"आणि सकाळी नऊपासून सव्वा वाजेपर्यंत हा तुमच्या बाकावर," शेडगे म्हणाले. ते नाथाकडे वळले. "ऐकलंस? सुटलास तू."

नाथाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली नाही. तो एकदम पांढरा पडला. "तसा लिवू नका, साहेब. मीच मारला."

"अरे, मॅडम स्वतः साक्षीदार आहेत."

"मग त्यांनी सांगू नये." तो माझ्याकडे वळला. "बाय, मशीनमंदी काय दिसला?"

"ते डॉक्टर सांगतील, काका."

"तू माझ्याकडं बघून सांग."

मी बघितलं नाही. त्याला तेवढं पुरलं.

"मग काय," तो शांतपणे म्हणाला. "मना हितंच राहू दे. माझा काय वाया जानार हाय?"

बाहेर आल्यावर शेडगेंनी सिगारेट काढली आणि न पेटवता परत ठेवली. "ह्याला माहीत आहे कोण ते."

"आणि त्या माणसावर ह्याचा जीव आहे," मी म्हणाले.

५

गुरुवारी आम्ही कासूला गेलो. आदल्या दिवशी अग्नी दिलेला. ओटीवर सतरंजी होती, पण माणसं पांगली होती. गुणाजीची बायको मैना आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. जितेश स्मशानात राख सावडायला गेला होता.

"काकी, मी गडबची," मी म्हटलं. "म्हात्र्यांची."

"बस गो बाय."

खोलीत एक लष्करी ट्रंक होती, काळी, पांढऱ्या अक्षरांत नंबर रंगवलेली. मी विचारलं, कार्ड कुठे असायचं?

"त्यातच. चावी त्याच्या करगोट्याला. आंघोल करताना पन सोडत नव्हता."

मी शेडगेंकडे पाहिलं. दुसऱ्या घरात राहणारा नाथा कमरेची चावी कशी चोरणार?

"रविवारी भांडण कशावरनं झालं?"

मैनानं पदरानं तोंड पुसलं. "नाथानं कार्ड मागितला. हा बोलला, कार्ड सरकारचा हाय, माझ्या सहीनी खोटा काम व्हनार नाय. दोघांचा आवाज वाढला. पोऱ्या रडला गो. एवढा तीस वर्षांचा पोऱ्या. बापाच्या पाया पडला. बापूस बोलला, मी मेल्यावर घ्या." ती थांबली. "ह्यानी कवा घर बघितला? वीस वर्षं पलटनीत. जितेशला नाथानं वाढवला. खांद्यावर बसवून शालेत नेला. लगीन नाय केला, बोलायचा, पोर हाय की मना."

"मंगळवारी सकाळी तुम्ही गुणाजींना जाताना पाहिलं?"

"नाय. मी सहालाच वालाच्या शेंगा घेऊन गडबला गेल्ते. अकराला आले. जितेश बोलला, बाबा पेनला गेला, दाक्तरला भेटायला, मी मिनीडोरमंदी बसवला."

"तेव्हा जितेश काय करत होता?"

"कपडे धूत व्हता." तिचा हात पदरावरच थांबला. "स्वतःची प्यांट. मी बोलले पन, आज काय रे, सूर्य कुठं उगावला."

हे बोलून तिनं आमच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी उठले. भिंतीवर कॅलेंडर होतं. चौकोनांत बॉलपेननं शिफ्ट लिहिलेल्या, ह्या आठवड्यात '3 ते 11', मागच्या आठवड्यात '7 ते 3'. प्रत्येक सातच्या दांडीवर एक आडवी रेघ. आमच्याकडे असा सात कोणी काढत नाही. कंपनीत काढतात, एक आणि सात यांची गल्लत होऊ नये म्हणून.

नाथाच्या हातावरच्या नंबरात दोन सात होते. मी ते पुसले तेव्हा दोन्हींवर आडवी रेघ होती.

६

जितेश आला तेव्हा त्याचं डोकं ताजं भादरलेलं होतं. हातात मडकं. त्यानं ते तुळशीपाशी ठेवलं, पाय धुतले आणि ओटीच्या पायरीवर बसला.

शेडगेंनी साधेपणानं विचारलं, "मंगळवारचं पुन्हा एकदा सांग. बाबा कसे गेले?"

"सांगितला ना, साहेब. आठला. फाट्यावर मिनीडोरमध्ये बसवला."

"कोणाची मिनीडोर?"

"बघितली नाय."

"जितेश," मी म्हणाले, "नऊ वाजता माझ्याकडे आले ते तुझे काका. बाबा कुठल्याच मिनीडोरमध्ये बसले नाहीत. ते तेव्हा उघाडीखाली होते."

त्यानं ओले पाय पायरीवर ओढून घेतले.

"साहेबांनी तुला कंपनीत फोन केला तेव्हा चिठ्ठीचं काही सांगितलं नव्हतं. तरी तू म्हणालास, बाबा पेणला गेले. पेणच्या कागदावर बाबांचं नाव त्या दिवशी लागणार, हे दोघांनाच ठाऊक होतं. ज्याच्या हातावर नंबर लिहिला तो, आणि ज्यानं लिहिला तो. काका तर कोठडीत बसून सांगतायत, मीच मारला."

"काका असा बोलला?"

"कालपासून तेच बोलतोय," शेडगे म्हणाले.

जितेशनं दोन्ही हात भादरलेल्या डोक्यावर ठेवले. मग बोलायला लागला तो जमिनीकडे बघत, एका सुरात.

"सोमवारी बाबा झोपल्यावर चावी सोडली. काकाला कार्ड दिला, बोललो, बाबाला मी सांभालतो. सकाळी बाबानं ट्रंक उघडली. बूट घातले. बोलला, मी हास्पिटलात जाऊन सांगनार, आत झोपलाय तो गुणाजी नव्हं. बांधावरनं स्टेशनाला निघाला. मी मागं पललो. उघाडीवर हात धरला. बोललो, काकाचा फोटू तेवढा काढून व्हऊ दे, मग कर काय तक्रार ती. हात झटकला त्यानी. मी परत ओढला. तोल गेला, खाली पडला."

"तू वर काढलं नाहीस?"

"पाय हलत नव्हता त्याचा. वरडत व्हता, मना वर घे. शिव्या देत व्हता. काकाला पन." जितेशनं हात डोक्यावरून खाली घेतले. "मी बोललो, पड हितंच दोन तास. तवर काकाचा व्हतंय. दोन तासांनी येतो, मग काय ते कर. आनि घरी आलो."

जितेशनं तुळशीपाशच्या मडक्याकडे पाहिलं.

"साडेदहाला दोर घेऊन गेलो. चिखल नव्हता. सगला पानी. उघाडीच्या दारापरेन पानी." तो पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाला, "आमच्या घरात तिथी आयस बघते. मी शिफ्ट बघतो. चौदस हाय, माझ्या डोक्यातच नाय आला."

"आणि मग बस धरलीस," शेडगे म्हणाले.

"व्हय. काय करनार व्हतो? दुसऱ्या दिवशी समजला, कागदावर बाबा दुपारपरेन जिता हाय. काकाला धरलाय ते पन तवाच समजला." त्यानं नाक पुसलं. "बोलायचा म्हनून दोनदा ठाण्यापरेन गेलो. आत नाय गेलो."

मागे दारात मैना उभी होती. कधी आली कळलं नाही. तिनं चौकट धरली होती.

"हाका मारत व्हता?" तिनं विचारलं.

जितेशनं मान हलवली.

"कोनाला?"

"तुला, आयस."

मैना आत गेली.

७

पुढचं कागदावरचं आहे. जितेशला अलिबागच्या तुरुंगात ठेवलं. खटला उभा राहील तेव्हा राहील. नाथाला सोडलं, पण दुसऱ्याचं कार्ड वापरल्याचा गुन्हा त्याच्यावर आहे. पेशंटला मास्क काढायला न लावता औषध टोचल्याबद्दल रुग्णालयानं मला तीन महिने घरी बसवलं. मी तक्रार केली नाही. सोमवारी मी तो मास्क खाली करायला सांगितला असता, म्हणजे मंगळवारी सकाळी नऊला, तर नाथा तेव्हाच पकडला गेला असता. साडेनऊला उघाडीखाली पाणी चढायला लागलं होतं. कोणी कासूला फोन केला असता, कोणी गुणाजीला शोधायला निघालं असतं, तर तो सापडला असता की नाही, हे मी कितीदा मोजलं ते सांगत नाही. वार सांगतानासुद्धा आता माझी चूक होते.

डॉक्टरीणबाईंनी अहवालावरचं नाव बदललं आणि मुंबईला, परळच्या कॅन्सरच्या रुग्णालयातल्या ओळखीच्या डॉक्टरांना पत्र लिहून दिलं. ते पत्र घेऊन नाथा कोणाबरोबर जाणार, हा प्रश्न मी शेडगेंना विचारला होता. त्यांनी खांदे उडवले.

पंधरा दिवसांनी सकाळी पेणच्या एसटी स्टँडवर मला दोघं दिसली. मैना आणि नाथा. ती पुढे, कापडी पिशवी आणि पत्राचं पाकीट घेऊन. तो मागे, एक एक पाऊल टाकत. मला वाटलं तोंड चुकवून जावं. पण तिनं बघितलं होतं.

"काकी, परळला?"

"व्हय." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "तुझ्यावर माझा राग हाय. राहील. तू खरा सांगितलास ते समजतंय मना, तरी हाय."

मी मान खाली घातली.

"ह्याच्यावर पन हाय," ती नाथाकडे हनुवटी उडवून म्हणाली. तो ऐकत होता, ऐकून घेत होता. "ह्याच्यापायी माझा घोव गेला न् पोऱ्या आत गेला. आता हा मरतो बोलतो. औशद नको, परळ नको. मी बोलले, तुला मरायला देनार नाय. पोऱ्या सुटून येल त्या दिवशी तू दारात उभा पायजेस. त्याला काय तरी दिसला पायजे ना गो, कशासाठी केला ते?"

नाथानं तोंड फिरवलं.

परळची गाडी लागली. कंडक्टर हाका मारायला लागला. गाडीची पायरी उंच होती. मैना त्याला मागून आधार द्यायला गेली आणि तिचा हात हवेतच थांबला.

"हितं ये," ती मला म्हणाली. "तू बघितलायस आतून. ह्याचा कुठला हाड खराब हाय ते मना दाखव. धरताना तिथं हात नको लागायला."

आम्हाला हे सांगायची परवानगी नसते. मी तशीही घरी बसवलेली होते. मी नाथाच्या सदऱ्यावरून, न दाबता, बोट फिरवत गेले. मानेच्या खाली इथे. त्याच्याखाली इथे. कमरेच्या वर तीन ठिकाणी. ही डावी बाजू सगळी. हे कमरेचं हाड. उजव्या खांद्याशी, इथे थोडं.

मैना माझ्या बोटामागून डोळे नेत होती, ओठ हलवत, पाठ करत असल्यासारखी. संपलं तेव्हा तिनं पाकीट दातांत धरलं, पिशवी खांद्याला अडकवली, आणि थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

मग तिनं त्याचं कोपर धरलं आणि त्याला पायरीवर चढवलं.